मेमधलं पाणी, परवाचे घड

'तेलताडाला नुसते नर फुलोरेच येतात, घड धरतच नाहीत.' ही तक्रार ऐकली की जो तो आधी रोपवाटिकेला शिव्या घालतो. रोपं खोटी निघतातही कधी कधी. पण गुजरातेतल्या करजणच्या शिवारात मी आधी एवढंच विचारीन, की दोन उन्हाळ्यांपूर्वी ठिबक रोज किती तास चाललं होतं?

तेलताडाच्या, म्हणजे आपण सगळे ज्याला ऑइल पाम म्हणतो त्याच्या, एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळे आणि पाळीपाळीने येतात. प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक फुलोरा. महिन्याला साधारण दोन झावळ्या फुटतात, म्हणजे वर्षाला बावीस-चोवीसच संधी. त्यातल्या किती मादी निघणार हे फूल उमलायच्या दीड-दोन वर्षं आधी शेंड्याच्या पोटात ठरून जातं. पाण्याची ओढ बसली की झाड नराकडे झुकतं, कारण घड पोसणं त्याला परवडत नाही. शिवाय उमलायच्या चार-सहा महिने आधीचे कोवळे फुलोरे अशा वेळी आतल्या आत सुकून जातात. मेमधल्या कोरड्याचा पहिला फटका असा दिवाळीच्या सुमाराला बेचके रिकामे राहिले की दिसतो आणि दुसरा परवाच्या वर्षी घड मोजताना. तोवर तो उन्हाळा कुणाच्या लक्षातही नसतो.

या झाडाला महिन्याला दीडशे मिलिमीटर पाऊस हवा, तोही बारा महिने. आपल्याकडे वर्षाचे नऊशेच्या आसपास पडतात ते चार महिन्यांत. आपल्या कानम पट्ट्यातली काळी जमीन ओल धरते, पण एप्रिलमध्ये भेगाळली की मुळंही तोडते. चार वर्षांपुढच्या झाडाला एरवी रोज दीडशे-दोनशे लिटर आणि कडक उन्हाळ्यात अडीचशेच्या वर पाणी लागतं. एकरी 57 झाडं धरली तर दिवसाला 14,250 लिटर. झाडाला ताशी 8 लिटरचे चार ड्रिपर असतील तर अडीचशेसाठी जवळजवळ आठ तास होतात. शेतीची वीजही आठच तास! बाग दोन पाळ्यांत भिजवू म्हणाल तर सगळीच झाडं रोज अर्धपोटी राहणार. म्हणून आत्ताच, थंडी आहे तोवर, ड्रिपर वाढवा, गाळण्या धुवा. कापलेल्या झावळ्या बांधावर जाळू नका, आळ्यात पसरा. हिरव्या झावळ्या मात्र हौसेने छाटायच्या नाहीत. मोठ्या झाडावर चाळीसेक तरी राहू द्या.

आता फुलांकडे या. उमललेल्या नर फुलोऱ्याजवळ नाक नेलं तर बडीशेपेचा वास येतो आणि दाण्यांवर बारीक काळपट सोंडकिडे वळवळताना दिसतात. औषधाचा पंप आणू नका. परागीकरण हेच करतात. कॅमेरूनहून हा किडा 1981 साली मलेशियात नेऊन सोडला, तोवर तिथे माणसं हाताने पराग टाकत फिरायची. भारतात तो 1985 मध्ये केरळात आला. मादी फूल जेमतेम दीड-दोन दिवस पराग घेतं. तेव्हा त्याची टोकं पांढरट पिवळी असतात, मग लालसर होऊन काळवंडतात. किड्याची पुढची पिढी वाळलेल्या नर फुलोऱ्यातच वाढते, तेव्हा बाग स्वच्छ दिसावी म्हणून ते वाळके फुलोरे तोडून जाळणं हा उलटा उद्योग झाला.

लागवडीला अडीच-तीन वर्षं झाली नसतील तर मात्र फुलोरे काढायचेच, नर असो वा मादी, दर महिन्याला, कोवळे असतानाच. घड दिसला की हात आवरत नाही, हे कळतं. पण त्या वयात झाडाने खोड आणि मुळं करायची असतात.

रोपांची गोष्ट राहिली. जाड कवचीच्या ड्युरा मादीवर बिनकवचीच्या पिसिफेराचे पराग टाकले की पातळ कवचीचा, तेलाला सरस टेनेरा मिळतो. काँगोमध्ये 1941 साली हे गणित सुटलं. शेजारच्या बागेतल्या टेनेराच्या बिया रुजवल्या तर निम्मीच झाडं टेनेरा निघतात, पाव ड्युरा आणि पाव पिसिफेरा, ज्याचे घड बहुधा धरतच नाहीत. म्हणून फुकटची रोपं नकोत. 2021 च्या तेलताडाच्या राष्ट्रीय मोहिमेत लागवड साहित्याचं अनुदान हेक्टरी 12,000 वरून 29,000 रुपये केलं आहे, ते घ्या.

पण अनुदानाच्या अर्जाआधी दोन कामं करा. पहिलं, घड विकत घेणारी गिरणी किती लांब आहे ते पाहा. काढलेला घड चोवीस तासांत पोचला नाही तर तेल आंबट होतं. दुसरं, ऐन मेमध्ये 200 लिटरचं पिंप बोअरखाली धरा आणि घड्याळ लावा. चार मिनिटांत भरलं तर तासाला 3,000 आणि आठ तासांत 24,000 लिटर. भागिले 250, म्हणजे 96 झाडं, पावणेदोन एकराच्या आतबाहेर. सातबारावर दहा एकर असले, तरी खड्डे 96 च खणा.