घराण्याची स्मृती

घराण्याचा वारसा दोन ठिकाणी साठविलेला असतो : दप्तरात आणि माणसांच्या बोलण्यात. आयर्लंडच्या बाबतीत यांपैकी पहिले ठिकाण बऱ्याच अंशी नष्ट झाले आहे. १९२२ साली यादवी युद्धाच्या आरंभी डब्लिन येथील सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातील शिरगणतीचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ पर्यंतच्या चार शिरगणतींचे कागद तर सरकारच्याच आज्ञेने आधी नष्ट करण्यात आले होते. त्यामुळे परदेशी राहणाऱ्या एखाद्या आयरिश वंशजाने पूर्वजांचा माग काढावयाचे ठरविले, तर १९०१ च्या मागे जाताना त्याला चर्चमधील नोंदी आणि जमिनीच्या करआकारणीच्या याद्या यांवरच मुख्यतः विसंबावे लागते.

या पार्श्वभूमीवर १९३७ साली तेथे झालेला एक प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने शिक्षण खात्याच्या साहाय्याने असे ठरविले की, प्राथमिक शाळांतील अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी नेहमीच्या निबंधाऐवजी घरातील व शेजारच्या वृद्धांकडून जुन्या गोष्टी ऐकून त्या वहीत उतरवाव्यात. शॉन ओ सूलेवान यांनी शिक्षकांसाठी विषयांची एक पुस्तिका तयार केली. स्वतंत्र आयर्लंडच्या सव्वीस परगण्यांतील सुमारे ५,००० शाळांनी त्यात भाग घेतला. मुलांच्या वह्यांतील निवडक मजकूर शाळेच्या मोठ्या वहीत उतरवून घेतला जाई.

विषय अगदी साधे होते : भाकरी कशी भाजीत, दुखण्यावर कोणते घरगुती औषध देत, पाऊस कशावरून ओळखीत. लोणी घुसळण्याचा विषय घ्या. घुसळण चालू असता कोणी घरात आले, तर त्याने दांड्याला चार हात लावल्यावाचून निघून जाऊ नये, नाहीतर घराचे लोणी त्याच्याबरोबर जाते, अशी समजूत होती. या समजुतीत दृष्ट लागण्याचे भय आहे. शिवाय थकलेल्या गृहिणीला मदत मिळवून देण्याची युक्तीही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तथापि, वृद्ध जे सांगतात तेवढेच महत्त्वाचे असते असे नाही. १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. असे असूनही, आमच्या घराला त्याची फारशी झळ लागली नाही, हाल झाले ते पलीकडच्या गावी, अशा अर्थाची उत्तरे या वह्यांत आढळतात. भुकेची लाज नातवंडांपाशीही उघड करवत नाही. घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने असे मौनही टिपून ठेवले पाहिजे.

स्कॉटलंडमधील डोंगराळ प्रदेशातून हुसकावल्या गेलेल्या कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. त्यांपैकी पुष्कळ कॅनडातील केप ब्रेटन बेटावर जाऊन वसली. तेथे एकेका गावात मॅकडोनाल्ड आडनावाची अनेक घरे आणि पुरुषांची नावे मोजकीच. म्हणून माणसाची ओळख 'अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू' अशी मागे मागे जात सांगितली जाई. ओळख सांगता सांगता वंशावळ पाठ होई.

१९७१ साली एका दूरदर्शनपटाने या बेटावरील व्हायोलिनवादनाची परंपरा संपत चालल्याचे दाखविले. लोकांना ते झोंबले. १९७३ साली ग्लेनडेल येथे भरलेल्या मेळाव्यात शंभराहून अधिक वादक एका व्यासपीठावर आले आणि मुलांना शिकविण्याकडे मंडळी नव्याने वळली. संगीत वाचले; गेलिक भाषेचे तसे झाले नाही. वाद्य आठवड्यातून दोनदा शिकता येते, भाषा मात्र स्वयंपाकघरात रोज बोलावी लागते, आणि कित्येक आईबापांनी मुलांच्या भल्यासाठी म्हणून ती घरात बोलणेच सोडून दिले होते. अलीकडे नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या शासनाने 'बुड आणि शेंडा' अशा अर्थाच्या गेलिक नावाची एक योजना चालविली आहे. तीत भाषा येणाऱ्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीबरोबर शिकणारा एकजण जोडून दिला जातो, आणि दोघे मिळून रोजची कामे करीत गेलिकमध्ये बोलत राहतात.