काटा मध्यावर, विमान मात्र खाली

प्रश्न : पावसाळ्यात मुंबईला उतरताना खिडकीबाहेर ढगांशिवाय काहीच दिसत नव्हतं. वैमानिक अशा वेळी यंत्रांच्या भरवशावर उतरतात, असं शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं. नेमकं तेव्हाच यंत्र चुकीचं दाखवू लागलं, तर ते वैमानिकाला कळतं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुतेक वेळा यंत्र स्वतःच सांगतं. जमिनीवरून येणारा संदेश तुटला की पडद्यावर इशारा उमटतो आणि वैमानिक त्या यंत्राच्या काट्याकडे बघणंच सोडतात. खरी भीती वेगळ्या बिघाडाची असते. यंत्र चुकतं आणि इशाराही देत नाही. याचं जे उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, ते सामोआतलं आहे.

आधी यंत्राविषयी. धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या खांबावरून रेडिओलहरी सोडल्या जातात. त्यांत ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर मिसळलेले असतात. विमान उतरणीच्या वाटेपेक्षा वर असेल तर पहिला सूर जोरात येतो, खाली असेल तर दुसरा. दोन्ही सारखे आले की फरक शून्य आणि काटा बरोबर मध्यावर. या वाटेला ग्लाइड स्लोप म्हणतात.

२९ जुलै २०००च्या काळोख्या रात्री ऑकलंडहून आलेलं एअर न्यूझीलंडचं बोइंग ७६७ सामोआच्या फालेओलो विमानतळावर उतरत होतं. तिथे खोदकामात एक केबल तुटली होती, त्यामुळे ग्लाइड स्लोपच्या यंत्राची खबर नियंत्रण मनोऱ्यात पोहोचत नव्हती. यंत्र अशा अवस्थेत सोडलं होतं, की दोष आला तरी ते आपोआप बंद पडणार नव्हतं. आणि दोष आलाच. वर-खालचा फरक दाखवणारा भाग लहरींतून गायब झाला. दोन्ही सूर उरले, पण जाल तिथे अगदी सारखे. सूर येत असल्यामुळे इशारा उमटला नाही, आणि फरक शून्य असल्यामुळे काटा मध्यावर बसला. विमान कुठेही असलं तरी तो तिथून हलणार नव्हता. ‘तुम्ही वाटेवर आहात’ आणि ‘मला काहीच सांगता येत नाही’, या दोन्हींसाठी यंत्राकडे एकच खूण होती!

ऑटोपायलट त्या काट्यामागे विमान खाली नेत राहिला. कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते. बाजूच्या खिडकीतून किनाऱ्यावरचे दिवे फारच जवळ दिसू लागले. समोर धावपट्टीचे दिवे हवे होते, तिथे काळोख. उंची आणि अंतराचा मेळ बसेना. त्यांनी इंजिनांचा जोर वाढवून विमान वर घेतलं, तेव्हा ते ४०० फुटांच्याही खाली आलं होतं आणि धावपट्टी अजून साडेपाच सागरी मैल, म्हणजे दहा किलोमीटर लांब होती. त्या ठिकाणी विमान निदान १६५० फुटांवर असायला हवं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या हिशेबात आहे. नेहमीची उतरण तीन अंशांची असते, म्हणजे मैलामागे साधारण ३०० फूट. अंतर मोजणारं यंत्र वेगळं, उंची सांगणारं वेगळं, आणि दोन्हींचा त्या काट्याशी संबंध नाही. चार मैलांवर बाराशे, तीन मैलांवर नऊशे असा मेळ घालत उतरलं, की काटा खोटा असला तरी तो उघडा पडतो.

मेळ वेळेत घातला गेला नाही, तर काय होतं, तेही घडलेलं आहे. २५ फेब्रुवारी २००९ला ॲम्स्टरडॅमजवळ तुर्की एअरलाइन्सच्या बोइंग ७३७च्या डाव्या रेडिओ उंचीमापकाने, विमान सुमारे १९५० फुटांवर असताना, उणे आठ फूट उंची दाखवली. टेकायची वेळ झाली असं समजून स्वयंचलित यंत्रणेने इंजिनांचा जोर काढून घेतला. वेग उतरत असल्याचं समोरच्या पडद्यावर दिसत होतं. ते लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला आणि १३५ जणांपैकी ९ जण गेले, त्यांत तिन्ही वैमानिक होते.

सामोआच्या त्या विमानातल्या कुणालाही इजा झाली नाही. वैमानिकांनी दुसऱ्या खेपेला ग्लाइड स्लोपचा काटा सोडून दिला, मैलागणिक उंची ताडून पाहिली आणि विमान सुखरूप उतरवलं. कंपनीने पुढे या प्रसंगावर प्रशिक्षणासाठी फिल्म केली आणि ती इतरांनाही पाहू दिली.