पावतीपुस्तक, ट्रेडल यंत्र आणि यंत्रचालकाचे हात

ग्रामपंचायतीच्या दप्तरातील पावतीपुस्तक ही दिसावयास साधी वस्तू आहे. परंतु तिच्या प्रत्येक पानावर तीन गोष्टी बिनचूक असाव्या लागतात. पावती व स्थळप्रत यांवरील क्रमांक एकच हवा. तो मागील पानाच्या क्रमांकास लागूनच यावयास हवा. आणि दोहोंमधील छिद्रांची रेघ अशी हवी की, पावती सहज फाटून हाती यावी, पण स्थळप्रत पुस्तकात शाबूत राहावी. एखादा क्रमांक गळाला अथवा दोनदा आला, तर लेखापरीक्षणाच्या वेळी त्याचा खुलासा द्यावा लागतो. करभरणा संगणकावर होऊ लागला असला, तरी छापील पावतीपुस्तकाची गरज संपलेली नाही. आणि हा क्रमांक व ही छिद्ररेषा काढण्यासाठी तालुक्याच्या गावी अनेक छापखान्यांनी आपले जुने ट्रेडल यंत्र अद्याप जपून ठेवले आहे. मजकूर ऑफसेटवर छापून येतो व शेवटचे हे दोन संस्कार ट्रेडलवर होतात.

ट्रेडल हे उठाव-छपाईचे यंत्र होय. छापावयाचा भाग भोवतालच्या पृष्ठभागाहून उंच असतो, त्यावर रुळांनी शाई लागते आणि कागद त्यावर दाबला जातो. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलीमीटर, धरलेली आहे. यंत्रातील रूळ, दाब व आस्तर यांची सर्व मापे या उंचीशी बांधलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत जॉर्ज गॉर्डन या मुद्रकाने या जातीच्या यंत्रास रूप दिले आणि पुढे फुटकळ छपाईसाठी ते जगभर पसरले. पायटा मारून चालविण्याचे, म्हणून ते ट्रेडल. पुढे पायट्याची जागा विजेच्या मोटारीने घेतली, पण नाव तेच राहिले.

मिटणारा जबडा

या यंत्राची रचना जबड्यासारखी आहे. एका बाजूस फर्म्याची उभी बैठक, दुसऱ्या बाजूस कागद धरणारा दाबपाट. दोन्ही उघडतात व मिटतात. उघडले असताना यंत्रचालक उजव्या हाताने कोरा कागद दाबपाटावर ठेवतो आणि डाव्या हाताने छापलेला काढून घेतो. तासाला हजार छापे हा वेग मध्यमच मानला जातो. त्या हिशेबाने एका छाप्यास साडेतीन सेकंदांहून किंचित अधिक वेळ मिळतो, आणि तासाभरात दोन्ही हात मिळून दोन हजार वेळा त्या जबड्यात जाऊन परत येतात.

तथापि नेहमीच्या लयीत चाललेले काम हे सर्वांत धोक्याचे नव्हे. हाताला वेग ठाऊक असतो. डोळा व पाय त्याच्याशी जुळलेले असतात. अपघाताची वेळ येते ती लय मोडते तेव्हा. कागद वाकडा बसतो, क्रमांक अडकतो, एखादा ठोकळा सैल होऊन पुढे येतो आणि हात सवयीबाहेरच्या कामासाठी आत जातो. असे प्रसंग यंत्र सुरू होण्यापूर्वीच्या मांडणीत जन्म घेतात. म्हणून सुरक्षिततेचा विचार मोटारीच्या खटक्यापासून नव्हे, तर जुळणीच्या दगडापासून करावयास हवा.

दगडावरची तयारी

पावतीपुस्तकाच्या क्रमांकासाठी चेसमध्ये दोन नंबरिंग यंत्रे बसवितात. एक पावतीचे, एक स्थळप्रतीचे. उरलेली जागा लाकडी वा धातूच्या ठोकळ्यांनी, ज्यांना छापखान्यात फर्निचर म्हणतात त्यांनी, भरून घेतात. प्रत्येक नंबरिंग यंत्रावर एक लहान दट्ट्या असतो आणि त्यावर बहुधा 'नं.' हे चिन्ह कोरलेले असते. छाप पडताना दट्ट्या दाबला जातो व आतील चाक एक आकडा पुढे सरकते. मागील कामाची शाई आत वाळून राहिली, तर चाक अडखळते आणि एकच क्रमांक दोनदा उमटतो. यासाठी नंबरिंग यंत्र रॉकेलने धुऊन, कोरडे करून, हलके तेल देऊन मगच चेसमध्ये ठेवावे. आणि दट्ट्या बोटाने दहा-वीस वेळा दाबून दोन्ही यंत्रे बरोबरीने पुढे सरकतात का, हे दगडावरच पाहावे. या कामास पाच मिनिटे लागतात. ती वाचविणारा माणूस पुढे दर शंभर पानांमागे यंत्राच्या जबड्यात डोकावत राहतो.

फर्मा आवळण्याचेही तारतम्य आहे. पाचरी सैल राहिल्या तर ठोकळे चालत्या यंत्रात वर चढतात वा सुटून पडतात. फाजील आवळल्या तर नंबरिंग यंत्राचा सांगाडा दाबला जाऊन चाके जखडतात. प्रथम पाचरी बोटांनी बसवाव्यात, मग सपाट लाकडी ठोकळा ठेवून वरून हलके ठोकावे, म्हणजे सर्व भाग दगडास टेकतील, आणि नंतर किल्लीने आळीपाळीने आवळावे. त्यानंतर चेसचा एक कोपरा किल्लीच्या जाडीइतका उचलून आतील प्रत्येक भाग बोटाने दाबून पाहावा. जे हलते ते तेथेच पकडावे. देवनागरी मजकूर खिळ्यांनी जुळविलेला असेल, तर ही परीक्षा अधिक काळजीने करावी लागते; कारण काना, मात्रा, रफार यांचे बारीक सुटे तुकडे ओळीत असतात आणि ते निसटण्यास निमित्तच पुरते.

छिद्ररेषेचे काम शक्यतो वेगळ्या फेरीत घेतात. दातेरी पोलादी पट्टी खिळ्याहून किंचित उंच असते. शाईचे रूळ तिच्यावरून फिरले तर ते कापले जातात. म्हणून या फेरीत रूळ काढून ठेवतात व दाबपाटावर त्या रेषेखाली पुठ्ठ्याची पट्टी चिकटवितात. दातेरी पट्टी बोटास सहज कापते, ही गोष्ट शिकाऊ मुलास प्रथम सांगावी.

यंत्रावर चढविणे

फर्मा यंत्रात बसविण्यापूर्वी मोटारीचा खटका बंद करणे पुरेसे नसते. मुख्य स्विच पाडावा आणि तो दुसऱ्या कोणी चढवू नये अशी व्यवस्था करावी. कुलूप लावता आल्यास उत्तम, न पेक्षा फ्यूज काढून यंत्रचालकाने आपल्या खिशात ठेवावा. वीज बंद झाली तरी जड चक्र काही काळ आपल्याच गतीने फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत हात आत घालू नये. थांबण्यासाठी चक्राचे आरे हाताने धरण्याची खोड पुष्कळ जुन्या कारागिरांत आढळते. ती जितकी जुनी तितकीच वाईट आहे.

बैठक व फर्म्याची पाठ पुसून घ्यावी. मध्ये कागदाचा कपटा राहिला तरी दाब विषम होतो. चेस खालच्या टेकूवर नीट बसवून वरची कडी घट्ट लावावी व ती लागल्याची हाताने ओढून खात्री करावी. यानंतर येतात ते ग्रिपर, म्हणजे कागद दाबपाटाशी धरून ठेवणारे दोन लोखंडी चिमटे. मागील कामासाठी ते जेथे लावलेले असतात तेथेच राहिले आणि नव्या फर्म्यात नेमके तेथे नंबरिंग यंत्र आले, तर पहिल्याच फेरीस लोखंडावर लोखंड आदळते. यंत्र मोडते, आणि उडालेला तुकडा कोणाच्या डोळ्यात जाईल हे सांगता येत नाही. म्हणून फर्मा चढविण्यापूर्वी ग्रिपर दोन्ही टोकांस सरकवावेत व फर्मा बसल्यावर जागा पाहून जवळ आणावेत.

आस्तराचे कागद प्रथम कमीच घालावेत. केवळ दोन क्रमांक छापावयाचे असताना सारा दाब त्या दोन ठिकाणी एकवटतो. मोठ्या फर्म्याचे जाड आस्तर तसेच ठेवल्यास नंबरिंग यंत्राचा चुरा होतो. छाप फिका आल्यास एकेक पातळ कागद वाढवीत जावे. पहिली फेरी नेहमी हाताने घ्यावी: चक्राची कड धरून, यंत्राच्या योग्य दिशेने, अगदी सावकाश. मिटताना कोठे अडते का, ग्रिपर कशास लागतात का, रूळ दट्ट्यावर आदळतात का, हे या एका फेरीत कळते. दाबपाटावरील पिना, ज्यांच्याशी कागद टेकतो, त्याही याच वेळी बसवाव्यात आणि प्रत्येक बदलापूर्वी स्विच बंद आहे याची पुन्हा खात्री करावी. मोटार मंद चालवून पिना सारणारे कारागीर आहेत. त्यांच्या कौशल्याविषयी शंका नाही. परंतु ते कौशल्य पावतीपुस्तकासाठी वापरावे असे काही त्यात नाही.

यंत्रास छाप सोडण्याचा एक दांडा असतो. कागद नीट बसला नाही तर तो ओढतात व छाप पडत नाही. यावरून एक घातक गैरसमज रूढ झाला आहे. दांडा ओढला तरी जबडा मिटावयाचा थांबत नाही. बैठक व दाबपाट यांत केवळ थोडे अंतर राहते. ते कागदास पुरते, बोटास पुरत नाही. हात दूर सारणारी आडपट्टी, जी दाबपाट मिटताना वर येते, ज्या यंत्रावर असेल तेथे ती काढून ठेवू नये. काम मंदावते ही सबब नेहमी ऐकू येते. ते काही अंशी खरेही आहे.

वेशाविषयी फार सांगावयास नको. सैल बाह्या, मफलर, ओढणी, लोंबता पदर, अंगठी, मनगटाचा दोरा यांपैकी काहीही यंत्रापाशी नसावे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने चालत्या यंत्राजवळ तपासणी, तेल देणे इत्यादी काम करणाऱ्यास अंगाशी घट्ट बसणारे कपडे घालणे आवश्यक ठरविले होते आणि ते पुरविण्याचा भार मालकावर टाकला होता. चक्रे व पट्टे यांस भक्कम कुंपण असावे, असेही बंधन त्यात होते. अनेक राज्यांच्या नियमांत प्लेटन छपाई यंत्र, म्हणजेच ट्रेडलची जात, धोकादायक यंत्रांत गणली गेली व तरुण कामगारास पुरेशी शिकवण व देखरेख यांवाचून तिच्यावर लावण्यास मनाई झाली. मात्र मूळ अधिनियमाप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेत दहा वा अधिक कामगार असतील तरच ती 'कारखाना' ठरत असे. दोन-तीन माणसांचा तालुक्याचा छापखाना बहुधा या रक्षणाबाहेरच राहिला. तेथे कुंपण बसले ते मालकाच्या समजुतीने, नाही बसले ते त्याच्याच समजुतीने.

चुकलेला क्रमांक

आता मूळ अडचण. काम चालू आहे, पान क्रमांक ३४७ वाकडे बसले. यंत्रचालकाच्या लक्षात आले की हा क्रमांक वाया जाणार. पंचायतीने बजावलेले असते की क्रमांक गळता कामा नये. त्या क्षणी कागद सरळ करण्यासाठी हात पुन्हा आत जातो. ग्राहकाने घातलेली बिनचूकपणाची अट अशा रीतीने बोटांवर येते, आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो.

यावर उपाय आहे, आणि तो छापखान्यांना ठाऊकही आहे. गेलेला कागद जाऊ द्यावा. चुकलेला क्रमांक शेजारच्या पाटीवर वा कागदावर मांडावा आणि काम पुढे चालू ठेवावे. गठ्ठा संपल्यावर स्विच पाडून, यंत्र पूर्ण थांबवून, नंबरिंग यंत्राची चाके हाताने त्या क्रमांकावर आणावीत व तेवढी पाने निराळी छापून त्यांच्या जागी घालावीत. यासाठी मजकूर छापतानाच काही जादा प्रती काढलेल्या असाव्या लागतात. पंचायतीच्या मागणीपत्रात जादा प्रतींची तरतूद नसते व छापखाना त्या स्वखर्चाने काढावयास नाखूष असतो; तेथेच हा उपाय अडतो. पुस्तकांच्या दरात या जादा कागदाचा खर्च धरण्यास कार्यालयाने संमती दिली, तर रक्कम किरकोळ असते.

मुदतीचेही तसेच आहे. मार्चअखेरीच्या वसुलीसाठी पुस्तके हवीत हे जानेवारीत ठाऊक असते, परंतु मागणीपत्र बहुधा मार्चमध्ये निघते. मग रात्री दिव्याच्या उजेडात, दमलेल्या हातांनी, छिद्ररेषेची शेवटची फेरी काढली जाते. शाळांच्या प्रगतिपुस्तकांची व पतसंस्थांच्या पासबुकांची कथा याहून निराळी नाही.

काम संपल्यावर रूळ पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात ढीग करून टाकू नयेत. जवसाच्या तेलाची शाई वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा बोळा बंद हवेत आपोआप पेट घेऊ शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा व त्यात थोडे पाणी एवढी सोय पुरते. खिळे हाताळले असतील तर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. खिळ्याच्या धातूत शिसे असते आणि ते पोटात गेल्याचे लगेच कळत नाही.

पुस्तके ताब्यात घेताना पंचायतीने पानांची मोजणी करतेवेळी चुकलेल्या क्रमांकांची मूळ यादीही मागून घ्यावी. बदललेली खराब पाने छापखान्याने फाडून न टाकता आडव्या दोन रेघांनी रद्द करून सोबत द्यावीत व ती यादीशी ताडून दप्तरी ठेवावीत. अशी यादी मागितली जाणार हे आधी सांगितलेले असेल, तर यंत्रचालकास वाकडे पान लपविण्याचे कारण उरत नाही.