नेमका पत्ता वर, ढोबळ खाली

विलेपार्ले (पूर्व), मुंबई ४०००५७

चि. मृण्मयीस,


नव्या नोकरीत आल्या आल्या एपीआयचं राउटिंग तुझ्याकडे सोपवलं, हे वाचून फार आनंद झाला. ‘नुसते पत्ते तर लिहायचेत’ असं तू म्हणतेस, म्हणून मुद्दाम लिहितोय.

वरचा पिनकोड बघ. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. मूळचे वेळणेश्वरचे, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची गावं देशभर, भाषा अनेक, लिप्या अनेक. त्यामुळे आधी पत्रं भलतीकडे जायची. पहिल्या ४ वरून पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या विभागात येतं, ४०० वरून मुंबईत आणि ०५७ वरून पार्ले पूर्वेला. रेल्वेच्या रुळांपलीकडे, पश्चिमेला ०५६. प्रत्येक टप्प्यावर तेवढेच आकडे वाचले की काम भागतं.

तुझ्या जँगो फ्रेमवर्कमध्येही तसंच कर. मुख्य फाइलीत ‘ऑर्डर्स’ की ‘कस्टमर्स’ एवढंच ठरू दे. पुढचं त्या त्या ॲपच्या फाइलीत, इन्क्लूड करून.

आणि क्रम सांभाळ. जँगो यादी वरून खाली वाचतं आणि पहिला पॅटर्न जुळला की तिथेच थांबतं. ‘ऑर्डर्स’च्या पुढे कुठलाही शब्द चालेल असा पॅटर्न वर आणि ‘ऑर्डर्स/पेंडिंग’ खाली ठेवलास, तर ‘पेंडिंग’ हाच ऑर्डरचा क्रमांक समजून शोध सुरू होईल. मग तू व्ह्यूचा कोड उलटापालटा करत बसशील, आणि चूक तिथे नसेलच! नेमका पत्ता वर, ढोबळ खाली. क्रमांक आकडीच असेल तर ‘इंट’ कन्व्हर्टर लाव. शब्द आला तर तो पॅटर्न जुळणारच नाही.

प्रत्येक पॅटर्नला नाव दे आणि कोडमध्ये ‘रिव्हर्स’ने पत्ता काढ. म्हणजे आतले बदल सोपे जातात. बाहेरच्यांचं मात्र तसं नाही. एखाद्याच्या फोनवरचं जुनं ॲप वर्षभर अपडेट होत नाही. ते जुन्याच पत्त्यावर येत राहणार. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्येच बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात. म्हणून पत्त्यात ‘व्ही१’ पहिल्या दिवसापासून घाल, आणि ‘व्ही२’ आलं तरी जुनं लगेच मोडू नकोस.

सर्व्हरवर चढवण्याआधी पत्त्यांची यादी कागदावर काढ आणि फोनवरचं ॲप लिहिणाऱ्या मुलांना दाखव. त्यांना विचारल्याशिवाय एकही पत्ता पक्का करू नकोस.

तुझा,
मामा