गोचिडास डोळे असतात काय?

गाईच्या कानांत किंवा कुत्र्याच्या मानेवर रुतून बसलेला गोचीड तुम्हांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. परंतु गोचीड आपणांस पाहतो काय, हा प्रश्न थोड्यांच्याच मनांत आला असेल.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी व विंचू यांच्या वर्गांतील प्राणी आहे. अंड्यांतून निघतांना त्यास सहा पाय असतात, पुढें कात टाकल्यावर ते आठ होतात. रक्त हेंच त्याचें अन्न. त्यास पंख नाहींत, उडीही मारतां येत नाहीं. मग त्यास भक्ष्य मिळतें कसें?

कांहीं जातींस डोळे असतात. कुत्र्यावरील तांबूस गोचिडाच्या पाठीवरील ढालीच्या दोन्ही कडांस एकेक साधा डोळा असतो. त्यानें आकृति स्पष्ट दिसत नाहीं. उजेड व सावली यांतील भेद तेवढा कळतो. हायलोमा जातीचा गोचीड मात्र जनावराची चाहूल लागतांच त्याच्या दिशेनें धांवत सुटतो.

हीमाफायसालिस जातीस तर डोळेच नाहींत. तरी डोळे नसलेल्या गोचिडासही उजेडाचें भान असतें. युरोपांतील अशाच एका जातीविषयीं याकोब फॉन उक्सक्युल या जीवशास्त्रज्ञानें १९३४ सालीं लिहिलें कीं, कातडीस जाणवणाऱ्या प्रकाशाच्या आधारें ती झुडपावर चढते. तेथें गोचीड मागील पायांनीं पान धरून पुढील दोन पाय पसरून वाट पाहतो. त्या पायांवरील एका सूक्ष्म खळगींत, जिला हालरचें इंद्रिय म्हणतात, त्यास आपला श्वास, गंध व ऊब समजतात.

हीमाफायसालिसचीच एक जात माकडतापाचा विषाणु वाहून नेते. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं व माणसेंही तापानें आजारी पडलीं. तेव्हां पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रानें या रोगाचें कारण शोधून काढिलें. २०१५ सालीं गोव्यांतील सत्तरी तालुक्यांत, आणि २०१६ सालीं दोडामार्ग तालुक्यांत हा ताप आला. दोडामार्ग ज्या सिंधुदुर्गांत आहे, तो १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. काजू वेंचण्यास रानांत जाणारीं गरीब माणसें त्यास बळी पडलीं.

म्हणून पालकांस विनंति कीं, हिंवाळा व उन्हाळा या दिवसांत मुलांस रानांत पाठवितांना पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घालावे. फिका रंग गोचिडास भिववीत नाहीं. त्यावर मोहरीहून लहान गोचीड आपणांस दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. पाल्यापाचोळ्यावर बसूं नये. घरीं येतांच अंग तपासून गरम पाण्यानें स्नान करावें. चिकटलेला गोचीड चिमट्यानें कातडीजवळ धरून सरळ ओढावा. चिरडूं नये, जाळूं नये. मेलेल्या माकडास हात न लावतां आरोग्य केंद्रास कळवावें, आणि रानांतून आल्यावर ताप भरल्यास वैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये.

परमेश्वरानें त्या क्षुद्र जीवास अंधारांतही आपलें अन्न शोधण्याची शक्ति दिली आहे. आपणांस तर उत्तम डोळे व विचार करण्याची बुद्धि दिली आहे. रानांतून परतल्यावर दोहोंचाही उपयोग करावा.