कोळसा रक्त धुतो, पण किती?

रंगखात्याचे सांडपाणी प्रक्रिया केलेल्या कोळशातून सोडले की रंग कोळशाला चिकटतो व पाणी निवळते, हे आपल्या धंद्यातील अनेक बांधवांनी पाहिले असेल. नारळाच्या करवंटीपासूनही असा कोळसा बनतो. त्यात सूक्ष्म छिद्रे इतकी की एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. जन्मभर कापड मोजणाऱ्या आम्हाला हा हिशेब आधी पटेना.

याच कोळशाने रक्तही धुतात. १९६४ मध्ये ग्रीसचे डॉ. यात्झिडिस यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त कोळशाच्या नळीतून फिरवले. क्रिएटिनिन, युरिक आम्ल कोळशाने धरले. पण कोळशाचे कण रक्तात उतरू लागले आणि रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी झाल्या. पुढे कॅनडात डॉ. थॉमस चांग यांनी दाण्यांवर पातळ आवरण चढवून हा दोष बराच घालवला.

तरी मुख्य उणीव राहिलीच. युरिया कोळशाला नीट चिकटत नाही. पोटॅशियम व अंगात साचलेले पाणी तो काढत नाही, आणि पोटॅशियम वाढले तर हृदय बंद पडू शकते.

आमच्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्यांना आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसला बसावे लागते. तेवढा वेळ मागाकडे पाहायला कोणी नाही. कुणीतरी कोळशाची पूड दिली, म्हणाला, "हीच रक्त साफ करील." त्यांनी दोन पाळ्या चुकवल्या. तिसऱ्या रात्री छातीत पाणी भरून श्वास कोंडला. अल्लाहच्या कृपेने वाचले. पूड पोटात जाते, नळीतून रक्त फिरते. दोन्हींचा संबंध काय, हे विचारायचे आम्हालाही तेव्हा सुचले नाही.

कोळशाला जोडीदार दिले तर काम वाढते. १९७० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या 'रेडी' यंत्रात युरिएज युरियाचा अमोनिया करी, झिर्कोनियम फॉस्फेट तो अमोनिया व पोटॅशियम धरी, इतर काही पदार्थ कोळसा. मात्र तिथे धुतले जाई ते डायलिसिसचे पाणी, थेट रक्त नव्हे. नेहमीच्या पद्धतीत एका वेळी सुमारे १२० लिटर द्रव लागतो, इथे सहा लिटरवर भागे. अंगातले जादा पाणी मात्र पडद्यातूनच काढावे लागे.

आजही काही रुग्णांना डॉक्टर डायलिसिससोबत शोषक नळी लावतात. ती 'सोबत' आहे की 'ऐवजी', एवढे बिल भरण्यापूर्वी विचारावे. खर्चापायी पाळी चुकत असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी मोफत सोय ठेवली आहे.