आधी उमरोळी, मग केळवे

‘एकदा पाण्यात ढकला, भीती आपोआप जाते,’ हा सल्ला स्वमग्न मुलाच्या आईला उठता-बसता मिळतो. आता माझ्यासमोर कुणी तो देऊ लागलं की मी मध्येच तोडते, कारण त्याची फळं आमच्या घराने भोगली आहेत. केळव्याच्या किनाऱ्यावर माझ्या भावाने अगदी प्रेमाने भाच्याला उचललं आणि लाटेत नेलं. पौर्णिमेचं उधाण, त्यात रविवारची गर्दी. ओली रेती, खारं पाणी, आवाज, सगळं एकदम अंगावर आलं. लेकाने स्वतःचंच मनगट कडकडून चावलं. पुढे कितीतरी दिवस त्याला न्हाणीतली भरलेली बादलीसुद्धा नको असायची. धिटाई आली नाहीच, मामाजवळ जाणं मात्र बंद झालं.

म्हणून या मुलांना चार भिंतींत ठेवावं, असं मी म्हणत नाही. त्यांनाही नवं हवं असतं, फक्त ते एकगठ्ठा झेपत नाही.

लोकलचंच घ्या. 2013 पासून ती डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे आम्हा बोईसरकरांना तिच्यावाचून गत नाही. पण न थांबणारी मेल फलाटाला हादरवत जाते तेव्हा मोठी माणसंही कान झाकतात. आम्ही आधी नुसते पुलावरून गाड्या बघायचो. मग कानांवर आवाज अडवणारे मफ चढवून फलाटावर. त्यानंतर एकच स्टेशन, उमरोळी. छोटं आहे, चढ-उतर बेताची. पालघरची गर्दी पुष्कळ नंतर. एमआयडीसीतल्या पाळ्या सुटायच्या वेळा टाळायच्या, हे तर आलंच. आमच्याकडे एक लोकल चुकली की ताटकळावं लागतं, आणि या मुलांना प्रवासापेक्षा थांबणं जड जातं. पिशवीत आवडीची वस्तू हवीच. आमच्याकडे बाटल्यांची निळी झाकणं असतात. बाकावर तो ती ओळीने मांडतो.

निघण्याआधी मोबाइलवर स्वतः काढलेले फोटो दाखवा: जिना, तिकीट खिडकी, डबा, उमरोळीचा पिवळा फलक. प्रत्येकाखाली सोपी ओळ. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी 1991 च्या सुमारास ‘सोशल स्टोरी’ म्हणून ही पद्धत मांडली. तिच्यात ‘गाडी उशिरा येऊ शकते’ हेही लिहा. मी लिहिलं नसतं तर फोटोवर बोट आपटत त्याने फलाट डोक्यावर घेतला असता.

नकार शब्दांत येईलच असं नाही. आमचा लेक स्टेशनवरच्या घोषणा पुटपुटू लागला आणि त्याचा वेग वाढला, की आम्ही उठतो. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं.

समुद्राकडे पुन्हा वळलो ते चिंचणीला, अष्टमीच्या भांगाला, आडवारी सकाळी. भांगाला पाणी फार चढत-उतरत नाही. तो मोजे घालूनच रेतीवर चालला. लोक हसले, हसोत बापडे. आता घोट्यापर्यंत पाणी चालतं, त्याच्यावर नाही. आम्हीही ओढत नाही.

लग्नकार्यातही हेच. हळदीला डीजे लागतो, म्हणून मंडप घालतात त्या दुपारीच आम्ही जाऊन येतो, जेवायला थांबत नाही. नणंदबाई पहिल्यांदा रुसल्या होत्या. आता त्याच्यापुरता बिनमसाल्याचा डबा भरून ठेवतात आणि डीजेवाला किती वाजता येणार, ते आपणहून कळवतात.